लाँगजिंग : कढईत घडणारा हिरवा चहा

वस्तीतल्या दुकानातही आता 'ग्रीन टी'ची पाकिटे दिसतात. हे वेगळे झाड असते का? त्याने वजन उतरते का? चीनमधल्या एका नामांकित हिरव्या चहाच्या निमित्ताने आम्ही हे समजावून सांगत आहोत.

चीनच्या झेजियांग प्रांतात हांगझोऊ शहराजवळ पश्चिम सरोवर आहे. त्याच्या भोवतालच्या डोंगरउतारांवर लाँगजिंग चहा पिकतो. लाँगजिंग म्हणजे 'ड्रॅगनची विहीर'.

फरक झाडात नाही, प्रक्रियेत

आपल्या घरातली चहापत्ती आणि हा चहा एकाच जातीच्या झाडाचे. खुडलेले पान हवेने, कापलेल्या वांग्यासारखे, काळपट होऊ लागते. आपल्या चहात ते मुद्दाम होऊ देतात. लाँगजिंगची पाने मात्र काही तास पसरून ठेवतात आणि मग तापलेल्या कढईत परततात. उष्णतेने काळे पडणे थांबते. कारागीर उघड्या हाताने पान कढईला दाबत चपटे करतो. शिकताना हाताला फोड येतात. आता यंत्रेही वापरतात. एक किलो सुक्या चहासाठी चार-पाच किलो ओली पाने लागतात.

दर्जा कशावर ठरतो?

छिंगमिंग सणाच्या, म्हणजे ४-५ एप्रिलच्या आधी खुडलेला चहा सर्वांत महाग. हिवाळ्यानंतरच्या त्या कोवळ्या कळ्यांत गोडी जास्त, तुरटपणा कमी. पुढे पाने मोठी आणि कडवट होतात. चांगले पान चपटे, गुळगुळीत, अखंड असते. लाँगजिंगच्या नावाने दुसरीकडचा चहाही खपवला जातो. तो उकळत नाहीत. साधारण ८० अंश तापलेले पाणी पानांवर ओततात.

आपल्यासाठी काय?

साखर-दुधाशिवाय घेतल्याने साखर कमी जाते, हा खरा फायदा. केवळ त्याने वजन उतरत नाही. पोट सुटू नये म्हणून जेवण सोडून ग्रीन टी पिणे चुकीचेच.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. हिरवा असो वा आपला, चहा अन्नातल्या लोहाचे शरीरात शोषण कमी करतो. रक्त कमी असलेल्या बाया, गरोदर माता आणि किशोरवयीन मुलींनी जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये. किमान एक तासाचे अंतर ठेवावे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. जास्त मात्रेने यकृताला इजा होऊ शकते.

महागड्या पाकिटाचे पैसे पालेभाजी, डाळ आणि अंड्यांवर खर्च झाले, तर घराच्या आरोग्याला त्याचा अधिक उपयोग होईल.