तव्यापासून तोंडापर्यंत

लखनौच्या चौक भागात अकबरी दरवाजाजवळ टुंडे कबाबीचं जुनं दुकान आहे. रस्त्याच्या तोंडाशीच एक भलामोठा तवा मांडलेला आणि त्याच्यामागे बसून खायची जागा. येणारं गिऱ्हाईक आधी तव्याला भेटतं आणि मग टेबलाला. हाजी मुराद अली यांनी १९०५ साली हा धंदा सुरू केला. त्यांचा एक हात अधू होता. पतंग उडवताना छतावरून पडून तो अधू झाला असं सांगतात आणि दुकानाला नाव पडलं तेही त्यावरूनच. पुढे नव्वदच्या दशकात त्यांच्या नातवाने अमीनाबादेत दुसरं दुकान काढलं. पर्यटक बहुतेक करून तिथेच जातात. जाणकार मात्र चौकाची वाट सोडत नाहीत.

मराठी माणसाला लखनौ ओळखीचं आहे ते आधी गाण्यामुळे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं राहिलं आणि आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. कैसरबागेतल्या त्या वास्तूपासून अमीनाबादचा बाजार जवळच आहे. गाणं शिकायला गेलेल्या मंडळींना कबाबाचा वास चुकवता आला नसणार.

कबाबाच्या या दुकानांमधला खरा नायक म्हणजे तवा. लखनौत त्याला माही तवा म्हणतात. जाड लोखंडाचा, गोल, सपाट बुडाचा आणि कडेने उचललेला. सगळा तवा सारखा तापत नाही आणि कारागिराची सगळी हुशारी यावरच चालते. जाळाच्या थेट वर असलेल्या भागात तूप कढत असतं, खिम्याची चपटी, कच्ची टिकिया पहिल्यांदा तिथे पडते. खालची बाजू धरली की पातळ, रुंद उलथणं तिच्या पोटाखाली सरकतं. टिकिया उलटते आणि दुसरी बाजू झाली की कडेला सरकते. तिथे ती नुसती उबेत राहते आणि आतून शिजत जाते. मधे नव्या टिकियांना जागा होते. मुंबईच्या पावभाजीच्या गाडीवर भाजी मधे रटरटते आणि पाव कडेला शेकत बसतात, तोच हा हिशेब. फरक इतकाच की इथे चूक झाली तर सावरायला लोणी आणि मॅशर हाताशी नसतो.

या टिकियेचा गलावटी कबाब तव्यावरच का होतो, याचं उत्तर त्याच्या मांसात आहे. खिमा अनेकदा वाटून अगदी लोण्यासारखा केलेला असतो. त्यात कच्च्या पपईचा गर पडतो. पपईतलं पपेन हे विकर मांसातले धागे तोडतं. उबेत ते आणखी जोराने काम करतं, त्यामुळे वाटण जास्त वेळ तसंच राहिलं तर त्याचा निव्वळ लगदा होतो. भाजलेल्या चण्याचं पीठ थोडं धरून ठेवतं, पण फार नाही. असला गोळा सळईवर चढवला तर निखाऱ्यात गळून पडेल. काकोरी कबाब सळईवर शेकतात, गलावटीला मात्र खालून लोखंडाचा आधार लागतो. तापलेल्या लोखंडावर पडताच त्याच्या तळाला पातळ, खरपूस पापुद्रा येतो. साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे प्रथिनं आणि शर्करा एकमेकांशी रासायनिक क्रिया करून तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास तयार करतात. तेवढा पापुद्राच काय तो कबाबाला एकसंध ठेवतो. आत सगळं मऊ.

मसाल्यांची यादी दुकानात गुपित आहे. १६० जिनसा असल्याची ख्याती सगळीकडे सांगितली जाते, ती मोजून कुणी पाहिलेली नाही. पण अवधी खिम्यात सहसा काय पडतं ते उघड आहे. जायपत्री, जायफळ, वेलदोडा, कंकोळ, पिंपळी, वाळ्याची मुळं, गुलाबाच्या पाकळ्या आणि दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातलं तेच दगडफूल लखनौच्या मांसात सापडलं की मराठी जिभेला नकळत ओळख पटते. शेवटी वाटणाच्या मधे एका वाटीत जळता निखारा ठेवून त्यावर तूप सोडायचं आणि झाकण घालायचं. हा धुंगार झाला की तव्यावरच्या कबाबालाही चुलीचा वास येतो.

कबाबासोबत येतो तो उलट्या तव्यावरचा पराठा. नावातच कृती आहे. तवा पालथा घातलेला, त्याची फुगीर पाठ वर, आणि तिच्यावर रुमालासारखा पातळ पराठा पसरलेला. आपल्याकडच्या पुरणाच्या मांड्यांना मातीचं पालथं खापर लागतं, हे आठवलं तर कृती लगेच डोळ्यांसमोर उभी राहील.

आता तापल्या लोखंडाचीच दुसरी तऱ्हा बघायला जपानमधल्या कोबेला जाऊ. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी, १९४५ साली, शिगेजी फुजिओका यांनी तिथे मिसोनो नावाचं हॉटेल सुरू केलं. जपानमध्ये लोखंडी पत्र्यावर ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी-पिठाचं जाडसर धिरडं, आधीपासून व्हायचं. फुजिओकांनी त्या पत्र्यावर गोमांसाचे मोठे तुकडे भाजायला घेतले आणि गिऱ्हाइकाला पत्र्याच्याच कडेला बसवलं. देशात तेव्हा अमेरिकी फौजा होत्या. जपानी लोकांना ही तऱ्हा नवीन वाटली, पण सैनिकांना ती फार आवडली. टेप्पानयाकी नावाची ही जपानी परंपरा प्राचीन नाही. टुंडेच्या दुकानापेक्षा ती ४० वर्षांनी धाकटी आहे.

तिला जगभर नेलं रॉकी आओकी यांनी. जपानकडून कुस्ती खेळलेला हा तरुण अमेरिकेत राहिला, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आइस्क्रीमची गाडी चालवून त्याने पैसे जमवले आणि १९६४ साली वेस्ट ५६व्या रस्त्यावर चार टेबलांचं बेनिहाना उघडलं. तिथल्या आचाऱ्यांनी पत्र्याला रंगमंच केलं. कांद्याच्या चकत्यांची उतरंड रचून त्यातून ज्वाळा काढायची, कोळंबीची शेपटी उलथण्याने उडवून टोपीत झेलायची. कोबेतल्या जुन्या पद्धतीत यातलं काही नव्हतं, तिथे आचारी जवळजवळ न बोलता काम करतो. पण या खेळामागे पक्का व्यवहार होता. टेबल हेच स्वयंपाकघर झाल्यामुळे मागे लागणारी जागा वाचली. पदार्थ मोजकेच ठेवले, गोमांस, कोंबडी आणि कोळंबी, त्यामुळे नासाडी कमी झाली. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाखेत बेनिहानाचा हा हिशेब अनेक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवला गेला. अकबरी दरवाजाजवळ तो कुणी शिकवला नव्हता आणि तरी तो तिथे चालूच होता. स्वयंपाक दर्शनी भागात, पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि तवा दिवसभर थंड न होणारा.

सुशीची गोष्टही रस्त्यावरचीच आहे. आज आपण ज्या सुशीला सुशी म्हणतो, ती भाताच्या मुटक्यावर मासळीचा काप ठेवलेली निगिरी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रूढ झाली. तिचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. मूळची सुशी म्हणजे भातात महिनोन्‌महिने आंबवलेली मासळी. निगिरीने ते महिने मिनिटावर आणले. ठेल्यासमोर उभं राहायचं, दोन-तीन मोठे मुटके खायचे आणि कामाला लागायचं. बर्फ नव्हता म्हणून मासळी सोया सॉसमध्ये किंवा शिरक्यात मुरवून ठेवत. हमाल, सुतार, दुकानदार हे तिचे पहिले खवय्ये. पांढऱ्या लाकडाचा काउंटर आणि त्यामागचा गंभीर उस्ताद हे रूप बरंच नंतरचं.

निगिरीचा भात अंगाच्या उबेइतका हवा आणि वरचा मासा त्याहून थंड. हा फरक फार टिकत नाही. म्हणून उस्ताद एक-एक घास वळून समोर ठेवतो आणि तो लगेच उचलावा अशी अपेक्षा करतो. लखनौला हे सांगायची गरज नाही. त्या शहरात याच गोष्टीवरून नवाबाचा आचारी नोकरी सोडून गेल्याची कथा आहे.

ती अब्दुल हलीम शरर यांनी नोंदवली. १८६० साली लखनौत जन्मलेल्या शररांनी १९१३ पासून आपल्या ‘दिलगुदाज’ मासिकात जुन्या लखनौवर लेखमाला लिहिली. तीच पुढे ‘गुज़िश्ता लखनऊ’ म्हणून ओळखली गेली. त्यात स्वयंपाकावरची पानं वाचावीत अशी आहेत. मोठमोठ्या हंड्यांचा धनी तो बावर्ची आणि थोडकंच पण नजाकतीने करणारा तो रकाबदार, हा फरक ते सांगतात. बदामाचे तांदूळ आणि पिस्त्यांची डाळ कोरून केलेल्या खिचडीचा किस्साही सांगतात. आणि नवाब आसफउद्दौलाच्या आचाऱ्याची गोष्ट. हा आचारी फक्त उडदाची डाळ करायचा, पगार महिना ५०० रुपये. त्याची अट अशी की डाळ हवी असेल तर एक दिवस आधी सांगायचं आणि तयार झाल्याची वर्दी येताच जेवायला बसायचं. एके दिवशी वर्दी गेली, पण नवाब गप्पांत रमलेले. पुन्हा वर्दी, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेलाही नवाब आले नाहीत तेव्हा आचाऱ्याने हंडी एका वाळक्या झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि तो निघून गेला. झाडाला पुढे पालवी फुटली म्हणतात. पालवीचं सोडून द्या. आचाऱ्याची बाजू मात्र पूर्ण खरी आहे. पदार्थाची वेळ आचारी ठरवतो, खाणाऱ्याने ती पाळायची असते.

गेल्या काही वर्षांत लखनौच्या गोमतीनगरकडच्या हॉटेलांत आणि मॉलमध्ये सुशी मिळू लागली आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. कच्ची खायची मासळी गोठवूनच यावी लागते, आणि यात कमीपणा काही नाही. परजीवी मारण्यासाठी मासळी उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवावी असं अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचं मार्गदर्शन आहे. समुद्राकाठच्या शहरांनाही ते लागू पडतं. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी काकडी, अवाकाडो, शतावरी भरलेले रोल येतात. जाणाऱ्याने एवढं पाहावं की भात ताजा आहे की फ्रीजमधून काढलेला. दाणा कडक आणि थंडगार लागला तर मासा कितीही महागाचा असो, सुशी फसली. टेप्पानयाकी असेल तर आचाऱ्यासमोरचीच जागा मागावी. आगीचे खेळ बघावेत, मुलांना ते फार आवडतात, पण नजर त्याच्या उलथण्यावर ठेवावी. कोणता तुकडा मधे, कोणता कडेला, मीठ केव्हा पडलं. हे एकदा डोळ्यांत बसलं की दुसऱ्या दिवशी चौकातला माही तवा वेगळाच दिसतो.

आणि तो दिसायलाच हवा. जपानी आचाऱ्यासमोर बसताना आपण आवाज खाली आणतो, त्याला कारागीर मानतो, मोठं बिल आनंदाने देतो. तव्यामागे दिवसभर धगीत बसणाऱ्या लखनवी कारागिराकडे मात्र कुणी वर मान करून बघत नाही. त्याचं कसब तोलून पाहिलं तर काकणभरही कमी नाही. हात पोळवणाऱ्या तुपात न मोडता ती टिकिया उलटवून दाखवावी कुणी.

टुंडेचं दुकान किती नाजूक धाग्यावर उभं आहे ते मार्च २०१७ मध्ये कळलं. उत्तर प्रदेशात कत्तलखान्यांवर कारवाई सुरू झाली आणि चौकातल्या तव्याला म्हशीचं मांस मिळेनासं झालं. शतकभराच्या शिरस्त्याला खंड पडून कोंबडीच्या आणि बकऱ्याच्या कबाबांवर दिवस काढावे लागले. साध्या मजुराला पोटभर परवडणारा कबाब तो म्हशीच्या मांसाचा, म्हणून याची झळ आधी त्यालाच लागली. पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी युनेस्कोने लखनौला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. भारतात असा मान त्याआधी २०१९ साली हैदराबादला मिळाला होता. या मानाचा वाटा तव्यामागच्या माणसापर्यंत पोचावा. त्याचं नाव पाटीवर यावं, पगार वाढावा, धूर ओढून नेणारा पंखा डोक्यावर यावा.

आता दोन्हीकडचं खाणं फोनवरून घरी मागवता येतं. डब्यात कबाबाला वाफ धरते, तो पापुद्रा मऊ पडतो, पराठा चिवट होतो. सुशीचा भात गार होऊन आकसतो. हे खाद्यप्रकार वीस मिनिटं थांबण्यासाठी जन्मलेलेच नाहीत. लखनौला गेलात तर डबा बांधून घेऊ नका. संध्याकाळी चौकात जा, गर्दी असली तरी तव्याजवळ उभे राहा आणि ताटली हातात आली की बोलणं थांबवून आधी खा.