दारू पिऊन चालवलेली गाडी आणि कमरेचं पिस्तूल

ह्यूस्टन, डॅलस, टॅम्पा, फिलाडेल्फिया या अमेरिकी शहरांत मराठी कुटुंबं आता वर्षानुवर्षं राहतात. ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व मिळाल्यावर काहीजण रीतसर पिस्तूलही घेतात. अशा एखाद्याला कधीकाळी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली असेल, तर पिस्तूल लपवून जवळ बाळगण्याचा परवाना, म्हणजे कन्सील्ड कॅरी लायसन्स, त्याला मिळतो का? एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. राज्य कोणतं, गुन्हा कोणत्या वर्गातला, तो किती वेळा घडला आणि त्याला किती वर्षं झाली, एवढं कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. पिस्तूल मुळात जवळ ठेवता येतं का, हे प्रामुख्याने संघराज्याचा कायदा ठरवतो. ते अंगावर लपवून हिंडता येतं का, हे राज्य ठरवतं. पहिल्या पायरीवर अडलेल्या माणसाला दुसरी पायरी नाहीच.

पहिल्या पायरीचा नियम दुकानातल्या फॉर्म ४४७३ वर दिसतो. दुकानातून बंदूक विकत घेताना हा फॉर्म भरावाच लागतो. त्यात विचारलेलं असतं, की न्यायाधीश एक वर्षाहून जास्त तुरुंगवास देऊ शकला असता अशा गुन्ह्यात तुम्ही दोषी ठरला आहात का, प्रत्यक्षात शिक्षा कमी झाली असली तरी? हा ‘देऊ शकला असता’ नीट वाचा. तुम्ही किती दिवस आत होतात, याला इथे महत्त्व नाही. कायद्याने जास्तीत जास्त किती शिक्षा ठेवली आहे ते बघितलं जातं. राज्याने मिस्डिमीनर, म्हणजे कनिष्ठ वर्गातला, ठरवलेला आणि कमाल दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला गुन्हा मात्र या बंदीतून वगळला आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचा साधा पहिला गुन्हा बहुतेक ठिकाणी या सवलतीत बसतो, म्हणून पहिल्या चुकीने बंदुकीचा हक्क सहसा जात नाही.

पेनसिल्व्हेनियात मात्र माणसं इथेच फसतात. तिथे पहिल्या साध्या गुन्ह्याला कमाल सहा महिने. पण दुसऱ्यांदा पकडले गेलात आणि रक्तातलं अल्कोहोल ०.१६ टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, तर तोच गुन्हा पहिल्या दर्जाचा मिस्डिमीनर होतो आणि कमाल शिक्षा पाच वर्षांवर जाते. नाव कनिष्ठ गुन्ह्याचंच, पण दोन वर्षांची मर्यादा ओलांडली, की संघराज्याची बंदी लागू, आणि तीही जन्मभराची. २००५ मध्ये तिथल्या एका माणसाने असा गुन्हा कबूल केला. अल्कोहोल ०.१९२ टक्के होतं. नव्वद दिवसांची कैद झाली, तीही कामावर जायची मुभा देऊन. पुढे त्याला बंदूक नाकारली गेली, तेव्हा तो न्यायालयात गेला. जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो फिरवला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यानंतर २०२२ मध्ये बंदूक बाळगण्याच्या हक्काबद्दलच्या ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि अशा बंदीला नव्याने आव्हानं मिळू लागली. अन्न-मदतीच्या अर्जात खोटी माहिती देणाऱ्या एकाची जन्मभराची बंदी याच अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. पण त्या निकालाच्या भरवशावर दारूच्या गुन्ह्यातल्या माणसाने बंदूक घेणं म्हणजे नव्या खटल्याला आमंत्रण.

आता टेक्सास. तिथे या गुन्ह्याला डीडब्ल्यूआय म्हणतात. मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. भारतात ती ३० आहे. पहिला गुन्हा ‘बी’ वर्गाचा मिस्डिमीनर, अल्कोहोल ०.१५ किंवा जास्त असेल तर ‘ए’ वर्गाचा, दुसरा ‘ए’ वर्गाचा आणि तिसरा थेट फेलनी, म्हणजे गंभीर वर्गातला गुन्हा. पंधरा वर्षांखालचं मूल गाडीत असेल, तर पहिलाच गुन्हा फेलनी ठरतो.

परवान्याचा नियम असा: ‘ए’ किंवा ‘बी’ वर्गाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यापासून पाच वर्षं अर्ज मंजूर होत नाही. दहा वर्षांत दारूशी किंवा अमली पदार्थांशी संबंधित असे दोन गुन्हे सिद्ध झाले, तर कायदा त्या माणसाला व्यसनाधीन मानतो आणि परवाना नाकारतो. खटला नुसता चालू असला तरी अर्ज अडतो, आणि आधीच मिळालेला परवाना स्थगित होतो. शिवाय ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ मिळालं, म्हणजे न्यायाधीशाने दोषी ठरवणं पुढे ढकलून अटींवर सोडलं, की लोकांना वाटतं प्रकरण मिटलं. परवान्याच्या कायद्यात तेही दोषसिद्धीच धरलं जातं.

आणि तरीही टेक्सासच्या कायद्यात एक मोठी फट आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. त्यासाठी गेल्या पाच वर्षांतल्या ज्या गुन्ह्यांची आडकाठी आहे, त्यांत मारहाण आहे, धमकी आहे, पण डीडब्ल्यूआय नाही. म्हणजे राज्य ज्याला परवाना देत नाही, तोच माणूस तेच पिस्तूल परवान्याविना कमरेला लावू शकतो. मला हे सरळसरळ चुकीचं वाटतं. कॅलिफोर्नियात २००१ मध्ये पिस्तूल घेतलेल्यांचा संशोधकांनी पुढची बारा वर्षं माग काढला, तेव्हा आधी दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेल्यांना हिंसक गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. हे माहीत असताना एकाच राज्यात दोन मापं कशाला?

फ्लोरिडाने निदान एवढी सुसंगती राखली. १ जुलै २०२३ पासून तिथेही परवान्याची सक्ती गेली, पण पात्रतेच्या अटी परवाना नसलेल्यालाही लागू ठेवल्या.  अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दोन शिक्षा झाल्या असतील, तर माणूस नेहमी दारूच्या अमलाखाली असतो असं गृहीत धरलं जातं. दुसऱ्या राज्यातली शिक्षाही मोजतात. तीन वर्षांची ही खिडकी मला फारच लहान वाटते.

टेक्सासच्या त्या फटीला एक मर्यादा मात्र आहे. तिथे परवान्याविना पिस्तूल गाडीत ठेवून कोणी दारूच्या अमलाखाली पकडला गेला, तर गुन्हे दोन होतात. गाडीत पिस्तूल ठेवणाऱ्याच्या हातून त्या वेळी किरकोळ वाहतूक नियमभंगाहून मोठा गुन्हा घडता कामा नये, अशी अट आहे. ती मोडली, की बेकायदा शस्त्र बाळगल्याचा ‘ए’ वर्गाचा आरोप वेगळा लागतो.

भारतात झालेली शिक्षा पहिल्या पायरीवरच्या संघराज्याच्या बंदीत मोजली जात नाही. परदेशी न्यायालयांचे निकाल त्यात येत नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं. पण एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांची गोष्टच निराळी. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर त्यांना बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. तेव्हा असा आरोप लागलाच, तर ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी वकिलाला दोन प्रश्न नक्की विचारा: हा गुन्हा कोणत्या वर्गातला, आणि त्याची कमाल शिक्षा किती?