दारू सोडल्यानंतरचे दिवस

दारू सोडण्यासाठी दाखल झालेला रुग्ण आठ-दहा दिवसांत चांगला दिसू लागतो. हातांची थरथर थांबते, झोप लागते, जेवण जाते. नातेवाइकांना वाटते, सुटली एकदाची! खरी कसोटी डिस्चार्जनंतर लागते. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जुना मित्र, घरातले भांडण. एखादे निमित्त पुरते. शरीरातली दारू उतरली तरी मेंदूला लागलेली ओढ महिनोन्‌महिने टिकते.

अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला आठवतोच असे नाही. कामी येतो तो त्याच वाटेने गेलेला माणूस. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारातले बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघेही दारूने जेरीस आलेले. (इच्छाशक्तीचे डोस पाजणाऱ्यांनी त्यातला एक सर्जन होता हे ध्यानात घ्यावे.) दुसऱ्या व्यसनी माणसाशी बोलले की स्वतःची ओढ ओसरते, हा विल्सन यांचा अनुभव होता. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. तिच्या बैठका महाराष्ट्रातही भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. जन्मभराची शपथ नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. पुन्हा प्यालेल्यालाही दार उघडे असते. एरवी लाजेपोटीच तो उपचारांपासून दूर पळतो.

हे केवळ भाबडे समाधान नव्हे. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात २७ अभ्यास, दहा हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, या बैठकांशी नीट जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. तिथे रुग्णालयच हवे. बैठकीतल्या कुणाच्या सांगण्यावरून नैराश्याच्या गोळ्याही बंद करू नयेत.

कुटुंबाचे काय? नवऱ्याचे खाडे लपवणारी, उधारी फेडणारी पत्नीही थकलेली असते. अशा नातेवाइकांसाठी ‘अल-अनॉन’चे वेगळे गट आहेत.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांखाली जवळच्या बैठकीचा वार, वेळ आणि पत्ता लिहिलेला असावा. पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत जावे; बरेच जण दारापर्यंत जाऊन परत फिरतात.