वरच्या दुधाचा डबा निवडताना

औषधांच्या दुकानात काउंटरमागच्या फळीवर बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे ओळीने मांडलेले असतात. एकाच कंपनीचे तीन-चार प्रकार, प्रत्येकावर मोठा आकडा, एकावर डीएचए, दुसऱ्यावर प्रीबायोटिक, तिसऱ्यावर ए-टू. वजन तेच, किंमत मात्र कधीकधी दुप्पट. घरी भुकेलं बाळ असलेल्या आईबापांना ही फळी म्हणजे परीक्षाच वाटते. डबा चुकला तर मुलाच्या मेंदूचं, हाडांचं, पोटाचं कायमचं काहीतरी बिघडेल, अशी भीती त्यामागे असते आणि ती भीती कुणी ना कुणी जोपासलेलीही असते. माझं म्हणणं असं, की निरोगी आणि पूर्ण दिवसांच्या बाळासाठी हा प्रश्न दिसतो तेवढा मोठा नाही. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधापासून बनवलेला, '1' आकड्याचा, सरकारी नियमांत बसणारा कुठलाही साधा डबा चालतो. आईबापांनी जीव लावून ठरवायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्यांच्याकडे फळीसमोर उभं असताना सहसा लक्ष जात नाही.

त्यातली पहिली म्हणजे डबा लागणार आहे का, ही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हे डॉक्टरांपासून आशाताईंपर्यंत सगळे सांगतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिन्यांखालची सुमारे 64 टक्के भारतीय बाळं फक्त त्याच दुधावर होती. उरलेल्यांच्या आयांना दोष देण्यात अर्थ नाही. 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे खरी, पण घरकाम करणाऱ्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही. कुणाला आजारपण असतं, कुणाला जुळी असतात. तरीही 'दूध पुरत नाही' हा निष्कर्ष बहुतेक घरांत बाळाच्या रडण्यावरून काढला जातो, आणि रडणं हा त्याचा कच्चा पुरावा आहे. पक्का पुरावा वजनाचा. जन्मानंतर उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघालं, पुढे वाढत राहिलं आणि पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल, तर दूध पुरतं आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी तर डब्याच्या आधी आणखी एक पर्याय विचारावा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आता इतरही शहरांत अशा पेढ्या आहेत.

समजा, डबा लागणारच आहे. मग त्यात असतं काय? गाईच्या दुधात 100 मिलीला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आईच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. गाईच्या प्रथिनांत जड, पोटात घट्ट होणारं केसीन चार भाग आणि हलकं व्हे एक भाग असतं. आईच्या दुधात व्हेचं पारडं जड. लोह, जीवनसत्त्वं, स्निग्धांश, सगळ्यांचं प्रमाण वेगळं. कारखान्यात करतात ते एवढंच: प्रथिनं कमी करायची, व्हे वाढवायचं, लॅक्टोज आणि वनस्पती तेलं घालायची, लोह आणि जीवनसत्त्वं मिसळायची. हे शास्त्र जुनं आहे. भारतात तर म्हशीच्या दुधापासून बालाहार बनवण्याची पद्धत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने बसवली आणि आणंदच्या अमूलने त्याचं उत्पादन केलं. म्हशीच्या दुधाची अशी पावडर होऊच शकत नाही, असं त्या काळी परदेशी जाणकार सांगत होते. कशाचं प्रमाण किती ठेवायचं, हे कंपनीच्या मर्जीवर नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात आणि आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत घटकांच्या किमान आणि कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत. तयार दुधातून 100 मिलीला 60 ते 70 कॅलरी मिळाल्याच पाहिजेत. बाळाला जे लागतं असं शास्त्राला पक्कं ठाऊक आहे, ते सगळं स्वस्त डब्यातही घालावंच लागतं. एखादा घटक खरोखर अत्यावश्यक ठरला, तर तो नियमातच येतो आणि सगळ्यांच्या डब्यात जातो.

मग जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः दाव्यांचे. त्यातला सर्वांत भारी दावा मेंदूचा. डीएचए हे स्निग्धाम्ल आईच्या दुधात असतं, मेंदूतही असतं, म्हणून ते पावडरीत घातलं की मूल हुशार होईल, अशी ती मांडणी. ऐकायला पटते, पण तपासल्यावर टिकत नाही. इंग्लंडमध्ये 1993 ते 2001 या काळात वेगवेगळ्या सुधारित फॉर्म्युल्यांच्या सात चाचण्या झाल्या होत्या. कुठल्या बाळाला साधी पावडर आणि कुठल्याला सुधारित, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. पुढे संशोधकांनी त्याच 1763 मुलांचे शाळेतले गुण काढून पाहिले आणि 2021 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. सोळाव्या वर्षीच्या गणिताच्या परीक्षेत सुधारित पावडरवाल्यांना काहीही फायदा दिसला नाही. डीएचएच्या जातीची स्निग्धाम्लं मिळालेल्या मुलांचे अकराव्या वर्षीचे गुण तर थोडे कमीच होते. यावरून डीएचए वाईट ठरत नाही. युरोपीय संघाने 2020 पासून ते प्रत्येक फॉर्म्युल्यात सक्तीचं केलं आहे, आणि तिथे ते सगळ्यांतच असल्यामुळे महाग डब्याचं निमित्त उरलेलं नाही. आपल्याकडे मात्र ते निमित्त अजून जोरात चालतं. 2023 साली त्याच नियतकालिकात भारतासह 15 देशांतल्या डब्यांची पाहणी आली. काही ना काही आरोग्याचा दावा करणारी 608 उत्पादनं सापडली आणि त्यांपैकी फक्त 161 नी एखाद्या संशोधनाचा हवाला दिला होता. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे तर 1992 चा कडक कायदा आहे. आहेच. दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही, डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाही. कायदा चांगला आहे आणि तो नसता तर चित्र फार वाईट दिसलं असतं. पण जाहिरात बंद झाली म्हणून खरी माहिती आपोआप पोचत नाही. ती पोकळी दुकानदाराचा सल्ला, व्हॉट्सॲपवरचे आयांचे गट आणि मोबाइलवरचे व्हिडिओ भरतात. या तिघांनाही 'सगळे साधे डबे सारखेच' हे कंटाळवाणं वाक्य सांगण्यात रस नसतो.

दुसरा आक्षेप जास्त मानवी आहे: फायदा नसेना का, नुकसान तर नाही, परवडतं तर महाग घेतलं, बिघडलं कुठे? परवडत असेल तर काहीच नाही. पण आधी हिशेब करावा. चार महिन्यांचं सहा किलोचं बाळ निव्वळ डब्यावर असेल तर किलोमागे साधारण 150 मिली, म्हणजे दिवसाला 900 मिली दूध पितं. त्याला 120 ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. 400 ग्रॅमचा डबा तीन दिवसांत तळाला जातो, महिन्याला नऊ लागतात. डब्यामागे 200 रुपयांचा फरक म्हणजे महिन्याला 1800 रुपये. तंगी आली की घरात कुणालाही न सांगता जे होतं, ते धोक्याचं: चमचा एक कमी पडतो आणि पाणी तेवढंच राहतं. बाळाचं पोट भरतं, वजन थांबतं. शेवटपर्यंत पूर्ण मापाने पाजता येईल तोच डबा चांगला. महाग म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. 2022 साली अमेरिकेत ॲबट कंपनीच्या मिशिगनमधल्या कारखान्यातून निघालेली पावडर परत मागवावी लागली, त्यात महागातल्या महाग विशेष फॉर्म्युल्याचाही समावेश होता.

विशेष प्रकारांची गोष्ट वेगळी. तिथे फरक खरा आहे आणि म्हणूनच तो स्वतः ठरवू नये. वेळेआधी जन्मलेल्यांची पावडर जास्त प्रथिनांची आणि कॅलरींची असते, ती रुग्णालयाच्या सांगण्यावरून. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो लॅक्टोज आणि ॲलर्जी यांत. लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि आईच्या दुधात ती गाईच्या दुधापेक्षाही जास्त, 100 मिलीला सात ग्रॅमच्या आसपास असते. जन्मतःच ती न पचणारं बाळ अत्यंत दुर्मीळ. मोठ्या जुलाबानंतर आतड्याचं अस्तर सोलवटलं की ती काही दिवस पचत नाही, तेवढ्यापुरता लॅक्टोजविरहित डबा कधीकधी देतात. ॲलर्जी असते ती गाईच्या दुधातल्या प्रथिनांची: शौचात रक्त, हट्टी इसब, वारंवार उलट्या. तिच्यावर लॅक्टोज काढलेला डबा उपयोगाचा नाही, कारण प्रथिन त्यातही तेच असतं. तिथे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली, किंवा फार तीव्र ॲलर्जीत थेट अमिनो आम्लांची पावडर लागते. ती फार महाग असते, म्हणून निदान पक्कं हवं. बकरीच्या दुधाची पावडरही या ॲलर्जीत चालत नाही. दोन्ही प्राण्यांची प्रथिनं एकमेकांसारखी आहेत. सोयाची पावडर गॅलॅक्टोसेमियासारख्या आनुवंशिक विकारात कामाची आहे, पण ॲलर्जीसाठी सहा महिन्यांच्या आत ती टाळावी, असं युरोपातल्या बालपचनतज्ज्ञांचं मत आहे. पाजल्यावर ओठाच्या कडेने थोडं दूध बाहेर येणं हा बहुधा आजारच नसतो, त्यामुळे वजन नीट वाढणाऱ्या बाळाला दाट केलेल्या पावडरीची गरज नसते.

इथे अनुभवाचा दाखला पुढे येतो: 'आम्ही डबा बदलला आणि बाळाचं रडणं थांबलं.' खोटं कुणी बोलत नाही. पण संध्याकाळचं ते कळवळून रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आईबाप डबा बदलतात तेही ते शिगेला असतानाच. त्यानंतर जे काही कराल त्याला यश येणारच, मग तो नवा डबा असो की ग्राइप वॉटर.

आता पाण्याकडे येऊ, कारण डब्यांतल्या फरकापेक्षा किती तरी जास्त आजारपण इथे ठरतं. सीलबंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू क्वचित असतो आणि कोवळ्या बाळात तो मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. म्हणून 2007 च्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने 70 अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात पावडर मिसळायला सांगितलं आहे: पाणी उकळायचं, अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायचं नाही, त्यात पावडर घालायची आणि मग बाटली थंड पाण्यात धरून कोमट करायची. काही डब्यांवर पाणी आधीच कोमट करायला लिहिलेलं असतं. दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा अशक्त बाळासाठी तरी मी गरम पाण्याचा नियम मानेन. फिल्टरचं किंवा विकतच्या बाटलीचं पाणीही उकळावंच लागतं. आधी पाणी मोजायचं, नंतर पावडर. उलट केलं तर पाणी कमी पडतं आणि दूध दाट होतं. चमचा सपाट हवा, दाबून भरलेला नको, आणि तो त्याच डब्यातला हवा. ही शेवटची अट किरकोळ वाटते, पण अमेरिकेतल्या मावशीने आणलेला डबा घरात आला की ती महत्त्वाची ठरते. तिथल्या बहुतेक पावडरींचा एक चमचा 60 मिली पाण्याला असतो, आपल्याकडच्या बहुतेकांचा 30 मिलीला. तिकडचा चमचा इकडच्या मापाने घातला तर दूध दुप्पट दाट, आणि उलट झालं तर निम्मं पातळ. तयार दूध दोन तासांत संपवायचं, उष्टं उरलेलं टाकून द्यायचं. बाटलीच्या बुचाच्या खाचा धुवायला अवघड असतात, त्यापेक्षा आजीच्या काळातलं बोंडलं किंवा वाटी-चमचा उकळून घेणं सोपं.

आजीचंच नाव निघालं तर तिचाही आक्षेप आहे: आमची पोरं निम्मं पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर वाढली, ती काय मेली? वाढली, पण जी वाढली नाहीत त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही. निम्मं पाणी घातलं की कॅलरीही निम्म्या होतात. न घालावं, तर कोवळ्या मूत्रपिंडांवर प्रथिनांचा आणि क्षारांचा भार पडतो. लोह दोन्ही प्रकारे कमीच, आणि आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होऊन आहे तेही जातं. पहिल्या सहा महिन्यांत साध्या दुधापेक्षा साधा डबा नक्की बरा.

तरी वय वाढेल तशी आजी बरोबर ठरत जाते. डब्यांवरचे 2, 3, 4 हे आकडे शाळेच्या इयत्तांसारखे दिसतात, पण वरच्या इयत्तेत जाणं बंधनकारक नाही. सहा महिन्यांनंतर भाताची पेज, वरण, भाजी, अंडं असा वरचा आहार सुरू झाला की '1' आकड्याचीच पावडर वर्षभर पुरते. सहा महिन्यांनंतरच्या वेगळ्या पावडरींची गरज नाही, असं जागतिक आरोग्य सभेने 1986 सालीच ठरावात म्हटलं होतं. 2023 च्या मार्गदर्शिकेत संघटनेने वर्षानंतरच्या मुलांना या पावडरी देऊ नयेत, प्राण्याचं साधं दूध द्यावं, असं स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे पहिल्या वाढदिवसानंतर 3 आणि 4 आकड्यांच्या डब्यांवर जाणारे पैसे उकळलेल्या साध्या दुधावर, केळ्यावर आणि अंड्यावर खर्च करता येतात.