विश्लेषण : धाराशिवच्या विहिरीत टूरमलिन सापडेल का? मग चमकतात ते खडे कोणते?

धाराशिव जिल्ह्यात विहीर खोदताना सुरुंगानंतर यारीने वर येणाऱ्या दगडांत कधी पांढरे, कधी फिकट गुलाबी खडे चमकतात. टूरमलिनचे देखणे स्फटिक जगभरचे संग्राहक जपतात, म्हणून हेही तेच असावे अशी आशा वाटते. पण ते टूरमलिन नसते.

टूरमलिन इथे का नाही?

टूरमलिनला बोरॉन लागते. ते प्रामुख्याने ग्रॅनाइटशी संबंधित पेग्मटाइट शिरांत आणि जुन्या रूपांतरित खडकांत तयार होते. धाराशिव मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे बेसाल्टवर वसले आहे. त्यामुळे ‘मराठवाड्यातील टूरमलिन’ म्हणून कोणी नमुना विकायला आणला, तर आधी शंका घ्यावी.

मग हे काय?

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्याने आत स्फटिक वाढवले. यांत मुख्यतः झिओलाइट गटातील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, शिवाय अपोफिलाइट, कॅल्साइट आणि आपली गारगोटी. दख्खनच्या या खनिजांना जगभरच्या संग्रहालयांत मान आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतील निळे कॅव्हन्साइट तर संग्राहकांत प्रसिद्धच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने पाहता येतात.

दगडांचे आकर्षण या मातीला नवे नाही. तेर, म्हणजे प्राचीन तगर, इथे उत्खननात मौल्यवान दगडांचे मणी मिळाले आहेत.

घरी ओळखायचे कसे?

काचेच्या जुन्या तुकड्यावर खडा ओढून पाहा. टूरमलिन (काठिण्य 7 ते 7.5) आणि गारगोटी (7) काचेवर ओरखडा काढतात, स्टिल्बाइट, कॅल्साइट काढत नाहीत. टूरमलिनच्या लांबट स्फटिकावर उभ्या रेघा असतात आणि आडवा छेद फुगीर त्रिकोणासारखा दिसतो. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर बहुधा कॅल्साइट. चाचणी मात्र कोपऱ्यातल्या फुटक्या तुकड्यावरच करावी, कारण चांगला स्फटिक एकदा खरचटला की गेला.

खरे नुकसान इथेच होते. हातोड्याने स्फटिक सुटा काढला जातो, टोक तुटते, मग साफसफाईसाठी त्यावर शौचालयाचे अ‍ॅसिड ओतले जाते. झिओलाइटला ते सोसत नाही. संग्राहक अखंड टोके, मूळ खडकाचा तुकडा आणि सापडल्याची जागा बघतात. गावाचे नाव, विहिरीची खोली, तारीख लिहिलेली चिठ्ठी नसेल तर उत्तम नमुनाही अर्धा मुका. पाण्याने आणि मऊ ब्रशने धुणे पुरेसे. तापवू तर अजिबात नये : झिओलाइटमध्ये पाणी असते, उष्णतेने ते निघून स्फटिक ठिसूळ होतो.

आपल्या रानातला, मग आपलाच का?

इथे बरेच जण फसतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार जमिनीतील खनिजांवर सर्वसाधारणपणे शासनाचा हक्क असतो. शेतातल्या ढिगातला एखादा खडा घरी ठेवणे वेगळे. पण स्फटिकांसाठी खोदकाम, वाहतूक किंवा विक्री करायची असेल, तर आधी तहसील कार्यालयात विचारावे. नळदुर्ग किल्ला, धाराशिव लेणी अशा स्मारकांतून दगड उचलण्याचा तर प्रश्नच नाही. आणि सुरुंग उडाल्यावर लगेच विहिरीत उतरू नये; सैल झालेला दगड वरून कधीही सुटतो.