गोंगाट न सोसणाऱ्या मुलाला नाटकाला नेताना

१४ एप्रिलच्या संध्याकाळी सगळी वस्ती रस्त्यावर असते. तेव्हा एखाद्या घराचं दार मात्र आतून लावलेलं असतं. खिडकीला गोधडी अडकवलेली असते आणि आत आई कानावर हात दाबून रडणाऱ्या पोराला धरून बसलेली असते. मिरवणूक दारावरून जाते, पण ती काही तिला दिसत नाही. वर्षानुवर्षे तिची जयंती अशीच जाते.

जळगावच्या एका वस्तीतल्या अशाच एका ताईंनी मला विचारलं, "जयंतीचं सोडा, पण माझी मोठी मुलगी शाळेच्या बालनाट्यात काम करतेय. प्रयोग नाट्यगृहात आहे. धाकट्याला स्वमग्नता आहे. त्याला घेऊन गेले तर तो ओरडेल, नाही गेले तर मुलगी म्हणेल आई आलीच नाही. काय करू?" या वेळचं आरोग्य पान त्यांच्या प्रश्नासाठी आहे. अशी घरं एकदोन नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

आधी मुलाला नेमकं काय होतं ते समजून घेऊ. स्वमग्न मुलाचे कान बहुतेक वेळा चांगले असतात. आपला मेंदू नको असलेले आवाज चाळून बाजूला टाकतो. पंख्याची घरघर, शेजारच्याची कुजबुज, वेफरच्या पाकिटाची चुरचुर आपल्या ध्यानातही येत नाही. या मुलांच्या मेंदूत ही चाळण वेगळी चालते. सगळे आवाज एकदम, सारख्याच जोराने आत येतात. प्रकाशाचं, वासाचं, स्पर्शाचंही तसंच. कुणाला ट्यूबलाइटची थरथर टोचते, कुणाला गजऱ्याचा वास, कुणाला शर्टाच्या मानेचं लेबल. मूल ओरडतं ते हट्टाने नाही, त्याला खरोखर त्रास होत असतो. मारून किंवा दटावून तो त्रास वाढतो. आणि ही बाहेरची बाधा नाही. भगताकडे, दर्ग्यावर, देवऋष्याकडे घालवलेले महिने मुलाच्या शिकण्याच्या वयातून वजा होतात, हे मी आपल्या लोकांपुढे तरी वेगळं समजावून सांगत बसणार नाही.

काही मुलं याच्या उलट असतात. डीजे दिसला की स्पीकरला कान लावायला धावतात. घरचे म्हणतात, याला आवडतं, राहू द्या. राहू देऊ नका. कारखान्यातल्या कामगारांसाठी वापरतात त्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास कानाला चालतो, पण १०० डेसिबलचा फक्त १५ मिनिटं. डीजेसमोर १०० सहज ओलांडले जातात. मुलाला आवडलं म्हणून कानाची नस वाचत नाही.

आता नाटकाकडे येऊ. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग' या गाजलेल्या संगीत नाटकाचा एक प्रयोग खास स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी केला गेला. गोष्ट तीच, नट तेच. आवाज उतरवला होता, डोळ्यांवर लखलखणारे दिवे काढले होते आणि बाहेर शांत बसायला जागा ठेवली होती. मधेच उठलं, ओरडलं, नाचलं तरी कुणी वळून पाहायचं नाही, असं ठरलेलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये आणि इतर देशांत असे प्रयोग रुळले. आपल्याकडे नाट्यगृहात असा प्रयोग लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. त्यातलं बरंचसं आई-बापाला आणि चार ओळखीच्या माणसांना आपल्या पातळीवर जमवता येतं.

पहिली गोष्ट, नाटक निवडणं. दोन अंकी, अडीच तासांचं व्यावसायिक नाटक पहिल्यांदा नको. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेच्या काळात जळगावला छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात एकामागून एक बालनाट्यं होतात. ती लहान असतात, दिवसा असतात. एक पाहिलं आणि घरी गेलं तरी चालतं. प्रेक्षकांत निम्मी मुलंच असल्याने थोडा आवाज सगळेच करतात, आपल्या मुलाचा उठून दिसत नाही. दिव्यांग मुलांची बालनाट्य स्पर्धाही शासन घेतं. तिथले प्रेक्षक जास्त समजूतदार असतात.

पण माझं विचाराल तर मुलाचं पहिलं नाटक हे नाटक नसावंच, तालीम असावी. जळगाव-धुळ्यातल्या हौशी संस्था आणि शाळा संध्याकाळी कुठल्या तरी हॉलमध्ये, वर्गात तालमी करतात. तिथे दिवे चालू असतात, गर्दी नसते, चुकलं की नट थांबतात आणि पुन्हा म्हणतात. मुलाला तेच वाक्य तीनदा ऐकायला मिळतं, जे या मुलांना बहुधा आवडतंच. दार उघडं असतं. पाच मिनिटांत निघालात तरी कुणाचं तिकीट वाया जात नाही. दिग्दर्शकाला आधी विचारा, फक्त मुलाचा स्वभाव लपवू नका. वर सांगितलेल्या ताईंनी हेच केलं. मुलगी नाटकात होतीच, त्यामुळे धाकटा तीन तालमींना गेला. पहिल्या दिवशी दारातच बसला. तिसऱ्या दिवशी ताईच्या आधी तिचं वाक्य त्यानेच म्हटलं.

तालमीतच आणखी एक काम करून घ्या. ध्वनी आणि प्रकाश सांभाळणाऱ्या मुलांना विचारा, नाटकात दचकवणारं काय काय आहे? बंदुकीचा बार, विजेचा कडकडाट, धुराचं यंत्र, अचानक अंधार, लखलखणारा दिवा. कुठल्या प्रसंगानंतर येतं ते कागदावर लिहून घ्या. मग प्रयोगात तो प्रसंग आला की मुलाच्या कानाशी सांगता येतं, "आता ढग वाजणार," आणि कान झाकता येतात. आवाजाचा त्रास निम्मा त्याच्या अचानकपणाचा असतो.

लखलखणाऱ्या दिव्यांबद्दल थोडं थांबून सांगते. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि काहींना अशा दिव्यांनी फिट येऊ शकते. मुलाला फिट्सचा त्रास असेल तर नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवशीची गोळी चुकवू नका, रात्रीची झोप मोडू देऊ नका. असा दिवा लागलाच तर मुलाचा एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड दुसरीकडे वळवा. नुसते डोळे मिटून पुरत नाही, पापणीतूनही लखलख आत जाते. आणि शांत बसावा म्हणून खोकल्याचं औषध किंवा घरातल्या कुणाची झोपेची गोळी देण्याचा विचारसुद्धा करू नका. असं करणारी घरं मी पाहिली आहेत. ते जिवावर बेतू शकतं.

आता घरची तयारी. प्रयोगाच्या चार-आठ दिवस आधी नाट्यगृहावर एक चक्कर मारा. जळगावचं संभाजीराजे नाट्यगृह असो की धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, रिकाम्या वेळी वॉचमनला विनंती केली तर बहुतेक वेळा आत डोकावू देतात. मोबाइलवर फोटो काढा. फाटक, पायऱ्या, दार, खुर्च्यांची रांग, पडदा, संडास आणि बाहेर पडायचं बाजूचं दार. रोज रात्री तेच फोटो त्याच क्रमाने दाखवत गोष्ट सांगा. "आपण रिक्षाने जाऊ. या दारातून आत जाऊ. इथे बसू. घंटा तीनदा वाजेल. मग अंधार होईल. मग ताई दिसेल. नको वाटलं तर या दाराने बाहेर येऊ." शेवटचं वाक्य गाळू नका. बाहेर पडता येतं हे माहीत असलेलं मूल जास्त वेळ आत बसतं.

मराठी नाटकाच्या तीन घंटा या मुलांसाठी मोठी सोय आहे. पहिली, दुसरी, तिसरी, आणि मग पडदा. घरी ताट-चमच्याने तीन घंटांचा खेळ करा. तिसरीनंतर दिवा मालवा, दहा अंक मोजा, दिवा लावा. मग अंधार घाबरवत नाही, तिसऱ्या घंटेनंतर येणारी ओळखीची गोष्ट होते. टाळ्यांचाही असाच सराव करा, आधी दोन बोटांनी, मग हळू, मग सगळ्या घराने मिळून.

हा सराव बुद्धविहारात केला तर फारच छान. रविवारची वंदना झाल्यावर दहा मिनिटं खुर्च्यांची रांग लावा, दिवे बंद करा, वस्तीतल्या दोन मुलींना एखादा प्रसंग करू द्या. वस्तीतली इतर मुलंही त्यातून शिकतात की या मित्राशी कसं वागायचं. एक सांगते, कुणीतरी सल्ला देईलच की याला आनापान शिकवा, श्वासाकडे बघायला सांगा. शांत वेळी जरूर शिकवा. पण मूल त्रासाने किंचाळत असताना "श्वास बघ" म्हणून काही साधत नाही. तेव्हा त्याला बाहेर न्यायचं असतं.

कानासाठी कापसाचा बोळा फारसा कामाचा नाही. एमआयडीसीत चटई किंवा पाइपच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी कानावर घालायचे जाड इअरमफ पाहिले असतील. सुरक्षा साहित्याच्या दुकानात ते मिळतात. नीट बसले तर आवाज बराच उतरतो आणि संवाद तरीही थोडेफार ऐकू येतात. लहान मुलाला कानात घालायचे छोटे प्लग देऊ नका, गिळतात किंवा आत ढकलतात. इअरमफची सवय घरीच करा, आज दोन मिनिटं, उद्या पाच. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा घातले तर तोच एक नवा त्रास होईल.

त्या दिवशी नवे कपडे नकोत. धुऊन मऊ झालेला, रोजचा आवडता शर्ट घाला, फोटोची हौस नंतर. पोट भरलेलं हवं. पिशवीत केळी, मुरमुरे, पाण्याची बाटली, ओळखीचं फडकं किंवा हातात दाबायची वस्तू ठेवा. खुर्ची मागची, रांगेच्या टोकाची, दाराजवळची आणि स्पीकरपासून लांबची घ्या. गर्दी आत शिरण्याआधी जाऊन बसा. प्रयोगाआधी रंगमंचावर पूजा होते, उदबत्ती-कापराचा वास आणि धूर पसरतो. तो सोसत नसेल तर दुसऱ्या घंटेपर्यंत बाहेर थांबा. मोठी माणसं दोन हवीत. एक मुलाबरोबर बाहेर पडेल, दुसरं भावंडांबरोबर आत राहील. कोण बाहेर जाणार ते आधीच ठरवा, आणि दर वेळी ती आईच असू नये.

मूल बिथरलंच तर शब्द कमी वापरा. भोवती माणसं जमू देऊ नका, ठरलेल्या दाराने बाहेर न्या. घट्ट मिठी आवडत असेल तर द्या, नसेल तर हात लावू नका, फक्त जवळ थांबा. कुणी काही बोललं तर एकच वाक्य पुरे, "याला मोठा आवाज सोसत नाही, आम्ही बाहेर जातोय." माफी मागायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात स्वमग्नता आहे. त्याच कायद्याचं २९ वं कलम दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाबद्दल आहे. सार्वजनिक पाणवठ्यावरच्या हक्कासाठी महाडला गेलेल्या माणसांची आपण लेकरं, खुर्चीसाठी संकोच कशाला?

घरी आल्यावर मूल रात्री चिडचिड करेल, झोपणार नाही, दुसऱ्या दिवशी गप्प राहील. हा थकवा असतो. दुसरा दिवस मोकळा ठेवा.

नाट्यगृहापेक्षा अवघड आहेत ते आपलेच मोठे कार्यक्रम. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्याजवळ लोक जमतात. तिथे, किंवा वस्तीतल्या भीमगीतांच्या कार्यक्रमात, उघड्यावरच्या जलशात, मुलाला उठता-बसता-फिरता येतं हा फायदा असतो. जलसा तसाही लोक उठत-बसतच पाहत आले. अडचण असते ती फक्त कर्ण्यांची. उघड्या जागी कर्ण्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून मंचासमोर बसू नका, मागे लिंबाखाली बसा. आणि मंडळातल्या तरुणांनो, तुमच्यासाठी एक विनंती. कार्यक्रमाचा पहिला अर्धा तास आवाज निम्म्यावर ठेवा, फटाके नकोत, एका कोपऱ्यात सतरंजी टाकून ठेवा. या मुलांबरोबर मायग्रेनवाल्या बायका, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळंही तुमचे आभार मानतील.

मूल अजून कुणाला दाखवलंच नसेल तर अंगणवाडीताई किंवा आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. वयाच्या १८ वर्षांपर्यंत ही सेवा मोफत आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढायलाही तिथूनच वाट मिळते.

त्या ताई प्रयोगाला गेल्या. धाकटा इअरमफ घालून मागच्या रांगेत बसला. बहीण आली, तिने तिचं वाक्य म्हटलं, त्यानेही मोठ्याने म्हटलं, पुढच्या रांगेतले दोघं वळून हसले. विजेच्या कडकडाटाआधी मामा त्याला बाहेर घेऊन गेला आणि नाट्यगृहाच्या पायरीवर बसून दोघांनी केळी खाल्ली. आई शेवटपर्यंत आत होती.