अंथरूण आवरण्याचे श्रम : वागळे इस्टेटमधील काही निरीक्षणे

सकाळी उठल्यावर अंथरूण आवरावे की तसेच पडू द्यावे, हा प्रश्न वैद्यांच्या त्रैमासिकात चर्चेस घेण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारले असते तर काही वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो. आज हसू येत नाही. एका रुग्णेस आम्ही जवळजवळ दीड वर्ष औषध देत राहिलो आणि तिच्या व्याधीचा एक मोठा हेतू तिच्या घरातील गोधड्यांच्या चवडीत दडलेला होता, हे आम्हांस फार उशिरा कळले. ही हकीकत समव्यवसायी मित्रांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

प्रथम स्थळाविषयी. 1 ऑगस्ट 1962 रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली वागळे इस्टेटमध्ये एक छोटासा समारंभ झाला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. यंत्रसामग्री, औषधे, रसायने, छपाई अशा नाना प्रकारच्या कारखान्यांच्या आधाराने किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या वस्त्या दाट होत गेल्या. पुढे अनेक कारखाने बंद पडले अथवा इतरत्र गेले, त्यांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. रात्रपाळी मात्र गेली नाही. यंत्रावरची होती ती काही अंशी संगणकावरची झाली, एवढेच.

पलंग असलेल्या घरात अंथरूण आवरणे ही आवडीनिवडीची बाब असते. चादर ताणली काय आणि न ताणली काय, पलंग जागच्या जागी राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत हा पर्यायच नाही. गादी उचलल्यावाचून शेगडीपुढे बसता येत नाही, मुलाला दप्तर भरता येत नाही. अमेरिकेतील एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याचे, विल्यम मॅक्रेव्हन यांचे, 2014 सालचे टेक्सास विद्यापीठातील भाषण जगभर गाजले. सकाळी प्रथम अंथरूण नीट करा, म्हणजे दिवसाचे पहिले काम पार पडल्याचे समाधान लाभते, असा त्याचा आशय. उपदेश वाईट नाही. पण किसननगरातील गृहिणी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे आणि तिला त्याचे समाधान वाटते किंवा कसे, हे तिला कोणी विचारलेले नाही. आम्हीही विचारले नव्हते.

रुग्णा चौतिशीची, मूळची पाटण तालुक्यातील. तक्रार अशी की, सकाळी उठल्यानंतर तासाभरात एकामागून एक पंचवीस-तीस शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांना खाज आणि पावसाळ्यात त्यावर श्वासाचा वेग. आम्ही वातकफप्रधान प्रतिश्याय व तमकश्वास असे निदान केले. वेग प्रातःकाळी येतो, प्रातःकाळ हा कफाचा काळ, तेव्हा संप्राप्ती नीट जुळली असे समजून पुढील चौकशी थांबविली. सितोपलादि, लक्ष्मीविलास, अगस्त्य हरीतकी, अणुतैलाचे नस्य हे सर्व यथाक्रम झाले. उपशय मिळे, पण टिकत नसे. दिवाळीत व मे महिन्यात ती गावी गेली की तक्रार जवळजवळ नाहीशी होई. त्याची नोंद आम्ही ‘देशबदलाने उपशय’ अशी करून ठेवली होती. शास्त्र आपल्या बाजूने बोलत आहे असे वाटले की वैद्याचे डोळे मिटतात, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगत आहोत.

तिच्या सासूबाईंना पक्षाघात झाला म्हणून एके दिवशी सकाळी साडेसहालाच त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. खोलीत रात्री पाच माणसे झोपत. दीर पहिल्या पाळीला, सात वाजता कामावर हजर; तो नुकताच निघाला होता. नवरा तिसऱ्या पाळीचा; तो साडेसातपर्यंत घरी येऊन त्याच गादीवर झोपणार होता. गिरणगावातील खोल्यांतून पाळीप्रमाणे माणसे एकाच जागेवर आळीपाळीने झोपत, हे आपण ऐकून आहोत; येथे ते डोळ्यांपुढे होते. ही बाई दार आणि मोरी यांच्यामधल्या अरुंद जागेत उभी राहून चार गोधड्या, दोन सतरंज्या आणि एक जुनी कापसाची गादी झटकीत होती. खिडकी डासांच्या भीतीने बंद होती. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात धुळीचे कण स्पष्ट दिसत होते. झटकून झाल्यावर, अजून अंगाची ऊब असलेल्या त्या गोधड्यांची घट्ट घडी घालून तिने त्यांची चवड रचली, वर प्लॅस्टिक घातले, आणि शिंकांना प्रारंभ झाला.

ग्रंथांत याविषयी काय आहे, हे आम्ही त्यानंतर पुन्हा पाहिले. अष्टांगहृदयातील दिनचर्येचा अध्याय ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून सुरू होऊन शौच, दंतधावन, अंजन, नस्य अशा क्रमाने जातो. अंथरूण आवरण्याचा उल्लेख त्यात नाही. परंतु शय्येविषयी आचार्य उदासीन नाहीत. चरकांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रा आणणाऱ्या उपायांत नीट पसरलेल्या अंथरुणाची गणना केली आहे. सुश्रुतांनी व्रणिताच्या शय्येचे वर्णन करून मोहरी, निंबपत्र, तूप व सैंधव यांचे धूपन दिवसातून दोन वेळा सांगितले आहे. सर्वांत उद्‌बोधक स्थळ मात्र चरकांच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, कुमारागाराच्या वर्णनात आहे. बालकाची अंथरुणे-पांघरुणे मऊ, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत. घाम, मळ व जंतू यांनी दूषित झालेली टाकून द्यावीत. आणि दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच चांगली धुऊन, धूपन करून, शुद्ध व कोरडी झाल्यावर वापरावीत, असा त्याचा भाव आहे. दुसरी मिळणे शक्य नसेल तर! ज्यांच्या घरी दुसरी गोधडी नाही त्यांचाही विचार आचार्यांनी केला आहे. आणि त्यांचा भर घडी घालण्यावर नसून धुणे व कोरडे करणे यांवर आहे.

आता आधुनिकांचे मत. मनुष्याच्या त्वचेवरून गळणाऱ्या सूक्ष्म कोंड्यावर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे अष्टपाद कीटक गादी-उशीत राहतात आणि त्यांच्यामुळे शिंका व दमा उद्‌भवतो, हे 1960 च्या दशकात हॉलंडमधील संशोधकांनी दाखविले. हे कीटक पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून घेतात. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिली तर ते सुकून मरतात. 2005 साली लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठातील डॉ. स्टीफन प्रेटलव्ह यांनी संगणकीय प्रतिमानाच्या आधारे असे मांडले की, अंथरूण लगेच न आवरता उघडे ठेवले तर रात्रीचा ओलावा उडून जाईल आणि कीटकांचे जगणे कठीण होईल. आळशी मंडळींना या वृत्ताने फार आनंद झाला. तिकडच्याच काही तज्ज्ञांनी मात्र आक्षेप घेतला की, तेथील बहुतेक घरांतील हवाच पुरेशी दमट असल्याने एवढ्याने काही साधणार नाही.

हा आक्षेप ठाण्यास दसपटीने लागू पडतो. येथे वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत गोधडी उघडी ठेवली तरी ती सुकणार कशी? पंख्याखाली दोरीवर टाकली तर अंगाच्या घामाचा ओलावा जाईल, इतकेच. खरे काम शरद ऋतूपासून ग्रीष्मापर्यंतच्या उन्हातच होऊ शकते. आपल्या आज्या ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या घालीत, वर काठीने बडवीत आणि पिंजारी दारावर आला की कापूस पिंजून घेत. पिंजारी आता दिसेनासा झाला; फोमच्या गादीस तो काय करणार? येथील बैठ्या चाळींवरचे पत्रे मात्र दुपारी चांगलेच तापतात. त्यांवर तास-दोन तास पसरलेल्या गोधडीस जे ऊन मिळते, ते आमच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेतही मिळत नाही. पाटणला त्या रुग्णेच्या घरी अंथरुणे रोज अंगणात पडत होती. आमचा ‘देशबदल’ तो हाच असावा.

येथे आमच्या हातून एक चूक घडली, ती लपविण्यात अर्थ नाही. ग्रंथ नुकताच वाचला होता, उत्साह दांडगा होता. आम्ही रुग्णेस गुग्गुळ, वेखंड, निंबपत्र व मोहरीची पुडी देऊन आठवड्यातून दोनदा अंथरुणास धूप देण्यास सांगितले. तिने तो सायंकाळी दार लावून दिला आणि त्याच खोलीत स्वयंपाक केला. त्या रात्री श्वासाचा वेग इतका वाढला की तिला रुग्णालयात न्यावे लागले. धूर हा तमकश्वासाचा प्रसिद्ध हेतू आहे, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. कुमारागार प्रशस्त होते. येथील खोलीस एकच खिडकी होती. औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की, धूपनद्रव्यांच्या पाकिटावर ‘श्वासाच्या रुग्णाने धूर घेऊ नये, धूपनसमयी रुग्ण व बालके यांस बाहेर ठेवावे, धूर पूर्ण निघून गेल्यावरच खोलीत यावे’ एवढी सूचना ठळक छापावी. ती छापल्याने खप कमी होणार असेल तर होऊ द्यावा.

धूपन बंद केल्यावर आम्ही तीनच गोष्टी सांगितल्या. उठल्याबरोबर घडी घालू नये. नवरा येईपर्यंतचा तास-दीड तास पांघरुणे उलटी करून पंख्याखाली दोरीवर टाकावीत. दिराची व नवऱ्याची चादर आणि उशीचा अभ्रा निरनिराळे असावेत व आठवड्याला कढत पाण्याने धुवावेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती आणि तीच सर्वांत अवघड ठरली : झटकण्याचे काम रुग्णेने करू नये, दुसऱ्या कोणी बाहेरच्या गॅलरीत करावे.

दुसऱ्या कोणी म्हणजे कोणी? नवरा म्हणाला, “डॉक्टर, रात्रभर मशीनवर उभा असतो. घरी आल्यावर गोधड्या झटकू का?” त्याचेही चुकत नव्हते. दिरास सातची पाळी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अखेर बारा वर्षांच्या मुलाने ते काम घेतले आणि चाचणी परीक्षेच्या दिवसांत सोडले. तेव्हा तिने नाकाला ओला पंचा बांधून झटकावे असे ठरले. सहा आठवड्यांनी शिंका पाच-सातवर आल्या. औषध सुटले नाही, मात्रा कमी झाली. गणपतीत गावाकडचे आठ पाहुणे आले, सर्व व्यवस्था कोलमडली आणि तक्रार जशीच्या तशी परतली.

एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडावा असा आमचा हट्ट नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत पन्नासाहून अधिक चाचण्या तपासल्या गेल्या आणि गादीतील कीटकांवर योजलेल्या भौतिक व रासायनिक उपायांनी दम्यात लक्षणीय लाभ होत नाही, असा निष्कर्ष निघाला. तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या चाचण्या मुख्यतः गादीची विशिष्ट वेष्टने, कीटकनाशके, धुलाई अशा उपायांच्या होत्या. रोज सकाळी बंद खोलीत चार गोधड्यांची धूळ प्रत्यक्ष तोंडावर घेणाऱ्या स्त्रीचा प्रश्न आम्हांस त्याहून निराळा वाटतो.

खरजेविषयी मात्र संदेहास जागा नाही. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात एका शय्येवर निजणे हे रोग संक्रांत होण्याचे एक कारण म्हणून नोंदविले आहे. खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून दोन-तीन दिवसच जगतो. पाळीपाळीने एकच गादी वापरणाऱ्या खोलीत एकालाच मलम देऊन पाठविणे व्यर्थ आहे. सर्वांचे उपचार एकाच दिवशी व्हावेत, कपडे-चादरी कढत पाण्यात धुवाव्यात आणि जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूस ठेवावे. हे सांगितल्यावर “मग आठवडाभर निजायचे कशावर?” असा प्रश्न येतो. एका कारखान्यातील चार सोबत्यांनी तो आम्हांस विचारला, तेव्हा एका आठवड्यापुरत्या चार चटया आम्हीच आणून दिल्या. त्या अद्याप परत आलेल्या नाहीत.

किसननगर परिसरात आता समूह पुनर्विकासाची योजना हाती घेण्यात आली आहे. सदनिका मिळतील, त्यांत खोक्याचे पलंग येतील, आणि गोधड्यांची चवड त्या खोक्याच्या अंधारात जाईल. तेथे ऊन व वारा कोठून येणार, याचा विचार आतापासून करावयास हवा.

आमच्या केसपेपरवर निद्रेच्या रकान्याखाली आम्ही एक ओळ वाढविली आहे : अंथरूण कोण झटकते, कोठे व किती वाजता? प्रतिश्याय व श्वासाच्या प्रत्येक रुग्णास हा प्रश्न विचारला जातो. पुरुष रुग्ण बहुधा थोडा वेळ आठवून “घरात कोणीतरी झटकतात” असे सांगतात. स्त्रियांना आठवावे लागत नाही.